फूल, दोन पानं आणि लोकेच्छा

माझं आजोळ डिचोली तालुक्यातलं. आजोबा मुंडकार होते. घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर, भातशेती कुळाने केलेली. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण त्यांचं एक वाक्य माझ्या कानात तसंच आहे. "आमी म्हाराष्ट्राक मत दिवंक नाशिल्लें, भाटकाराच्या आड दिल्लें." आम्ही महाराष्ट्राला मत दिलं नव्हतं, भाटकाराच्या विरोधात दिलं होतं.

मी वाढलो पुण्यात. गोव्याचा 1967 चा जनमत कौल आमच्याकडे एका वाक्यात सांगितला जायचा: गोव्याने महाराष्ट्रात यायला नकार दिला. सांगणाऱ्याच्या आवाजात दुखावलेपण असायचं, सोयरीक मोडल्यासारखं. आजोबांनी तर फुलावर शिक्का मारला होता, म्हणजे विलीनीकरणाच्या बाजूने. तरीही ते म्हणायचे, महाराष्ट्राला मत दिलं नाही. हे कोडं सुटायला मला बराच काळ लागला. लोकांनी काय ठरवलं एवढंच मतमोजणीतून कळतं. का ठरवलं ते कळत नाही, आणि ती मोकळी जागा आपण आपल्या सोयीने भरून टाकतो. गोव्याच्या बाबतीत महाराष्ट्राने हेच केलं, आणि गोव्यातल्या जिंकलेल्यांनीही काही प्रमाणात हेच केलं, असं माझं मत झालं आहे.

16 जानेवारी 1967. मतपत्रिकेवर दोन चिन्हं होती. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, केंद्रशासित प्रदेश म्हणून राहायचं तर दोन पानं. दमण आणि दीवच्या लोकांनाही विचारणा झाली, पण तिथे प्रश्न गुजरातचा होता. गोव्यातल्या 3,88,432 मतदारांपैकी 3,17,633 जणांनी मत दिलं. दोन पानांना 1,72,191 मतं पडली, फुलाला 1,38,170. फरक 34,021 चा. स्वतंत्र भारतात लोकांना इतकं थेट फार क्वचित विचारलं गेलं आहे. 1948 साली जुनागडमध्ये आणि 1975 साली सिक्कीममध्ये विचारलं गेलं, पण तिथे प्रश्न भारतात येण्याचा होता. भारतातच राहून कोणत्या राज्यात जायचं, हा प्रश्न मतपेटीपुढे ठेवला गेला तो इथे.

तो मतपेटीपर्यंत सहज पोचला नाही. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. 1963 च्या डिसेंबरात पहिली निवडणूक झाली आणि दयानंद उर्फ भाऊसाहेब बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगोप) सत्तेवर आला. विलीनीकरण पक्षाच्या नावातच होतं. समोर होता डॉ. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष. बांदोडकरांच्या बाजूचं म्हणणं सरळ होतं: आम्ही याच मुद्द्यावर निवडून आलो, लोकांचा कौल मिळाला. 1965 च्या सुरुवातीला गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला, पाठोपाठ महाराष्ट्र विधानसभेनेही. सिक्वेरांनी यावर घेतलेली हरकत मला आजही तितकीच मोलाची वाटते. इतका मोठा निर्णय आमदारांनी घ्यायचा नसतो, तो लोकांनीच घ्यायचा असतो, असं त्यांचं म्हणणं. आमदार पाच वर्षांसाठी निवडलेला असतो, आणि प्रदेश एकदा दुसऱ्या राज्यात मिसळला की परतीची वाट नसते. काँग्रेसच्या पुरुषोत्तम काकोडकरांनी दिल्लीत हीच बाजू लावून धरली. अखेर 1966 च्या डिसेंबरात संसदेने गोव्यासाठी जनमत कौलाचा कायदा केला. बांदोडकर खुर्चीवर असताना मतदान झालं तर ते निष्पक्ष ठरणार नाही, ही विरोधकांची तक्रार होती. बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि गोव्याने मत दिलं ते राष्ट्रपती राजवटीत.

बांदोडकर हरले. आणि सव्वादोन महिन्यांनी, 28 मार्च 1967 ला, विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा पुन्हा तेच जिंकले. मगोपला 16 जागा, युनायटेड गोवन्सला 12.

गोव्यात हे मतदारांच्या शहाणपणाचं उदाहरण म्हणून सांगतात: लोकांनी विलीनीकरण नाकारलं, पण बांदोडकरांना ठेवलं. यात तथ्य आहे, पण अर्धंच. जानेवारीत फुलाला साडेत्रेचाळीस टक्के मतं होती आणि मार्चमध्ये मगोपला साधारण चाळीस टक्के मिळाली. म्हणजे लोक घाऊक इकडून तिकडे गेले असं मानायचं कारण नाही. जानेवारीत अख्खा गोवा एकच मतदारसंघ होता. मार्चमध्ये त्याचे अठ्ठावीस झाले. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत दोन पानांच्या मतांचे ढीग लागले होते, पण विधानसभेच्या निवडणुकीत एका मतदारसंघातला ढीग कितीही उंच असला तरी त्यातून आमदार एकच निघतो. माणसं तीच होती, मोजायची रीत बदलली होती. 1965 मध्ये विधानसभेच्या ठरावावरच सगळं थांबलं असतं, तर बहुसंख्य गोंयकारांना जे नको होतं ते त्यांच्याच नावाने झालं असतं, आणि कागदोपत्री त्यात काही चूकही दिसली नसती.

शहाणपण मला दिसतं ते दुसरीकडे. जानेवारीत जे जिंकले त्यांनी मार्चमध्ये बांदोडकरांना शपथ घेऊ दिली. जो हरला तो पुन्हा गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढायच्या कामाला लागला. 12 ऑगस्ट 1973 ला बांदोडकर गेले, तोपर्यंत मुख्यमंत्री तेच होते, आणि आजही गोव्यात त्यांचं नाव आदराने घेतलं जातं, दोन पानांवर शिक्का मारलेल्या घरांतसुद्धा. एका प्रश्नावर हरलेला माणूस सगळ्याच प्रश्नांवर चुकीचा ठरत नाही, हे त्या पिढीला कुणी शिकवावं लागलं नाही.

आता 'का' कडे येऊ.

गोव्याचा नकाशा समोर ठेवला तर निकाल सोपा वाटतो. तिसवाडी, बारदेश, सासष्टी या जुन्या काबिजादी. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकातच घेतलेल्या. 1560 साली सुरू झालेलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, इथे अडीचशे वर्षं राहिलं. देवळं पाडली गेली आणि देव नदी ओलांडून फोंड्याच्या बाजूला नेले गेले. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या नव्या काबिजादी पोर्तुगिजांच्या हाती आल्या त्या अठराव्या शतकात, आणि तिथली हिंदू गावं बरीचशी तशीच राहिली. ढोबळ मानाने दोन पानांचा जोर जुन्या भागात होता, फुलाचा नव्या भागात. म्हणून निकाल लागला त्या दिवसापासून एक स्पष्टीकरण चालत आलं आहे: ख्रिस्ती एका बाजूला, हिंदू दुसऱ्या.

पण साधी बेरीज केली तरी हे टिकत नाही. ख्रिस्ती लोकसंख्या चाळीस टक्क्यांच्या आत होती आणि दोन पानांना चोपन्न टक्के मतं मिळाली. हजारो हिंदूंनी दोन पानांवर शिक्का मारल्याशिवाय हा आकडा येतच नाही. त्यातलं एक घर मला माहीत आहे. माझ्या मावशीचं सासर, मडगावचं.

मावशीच्या सासऱ्यांना आम्ही सगळेच तात्या म्हणायचो. बाजारात त्यांचं किराणा मालाचं लहानसं दुकान होतं. देवघरात ज्ञानेश्वरी, श्रावणात मराठी भजनं, आणि सकाळी चहाबरोबर 'राष्ट्रमत'. महाराष्ट्रात फारसं कुणाला माहीत नसतं, पण विलीनीकरणाविरुद्धची सगळ्यात धारदार लढाई मराठीतून लढली गेली. 'राष्ट्रमत' हे मडगावचं मराठी दैनिक होतं, चंद्रकांत केणी त्याचे संपादक, आणि उदय भेंब्रे त्यात 'ब्रह्मास्त्र' नावाचं सदर लिहायचे. रवींद्र केळेकर कोंकणीची बाजू मांडत होते. उल्हास बुयाव गावागावांत कोंकणी गाणी गात फिरत होते. तात्या लेख मराठीत वाचायचे आणि गाणी कोंकणीत ऐकायचे. त्यात त्यांना काही विसंगत वाटत नसे, कारण त्यांच्या घरात दोन्ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या अशाच नांदत होत्या. देवाशी, पुस्तकाशी, शाळेशी मराठी. आईशी, गिऱ्हाइकाशी, शेजारच्या पदेराशी, म्हणजे पाववाल्याशी, कोंकणी.

त्यांनी दोन पानांना मत का दिलं, हे त्यांनी मला एकदा सविस्तर सांगितलं. मुक्तीनंतर महाराष्ट्रातून बरेच अधिकारी गोव्यात आले. दुकानाच्या परवान्यासाठी तात्या एका कचेरीत गेले आणि नेहमीसारखे कोंकणीत बोलू लागले. समोरच्या साहेबाने त्यांना थांबवलं. "ही बोली घरी बोला, इथे नीट मराठीत सांगा." तात्यांना मराठी येत होती. त्या साहेबापेक्षा कदाचित जास्त चांगली येत होती. ते तिथे काही बोलले नाहीत, परवाना घेऊन घरी आले. मला म्हणाले, "त्या दिसा हांवें म्हज्या मतपत्रिकेर शिक्को मारलो." मतदान अजून दोन वर्षं लांब होतं.

ही गोष्ट मी पुण्यात सांगतो तेव्हा कुणीतरी हमखास म्हणतं, एका उद्धट कारकुनामुळे कुणी राज्य नाकारत नाही. नाकारतं. सामान्य माणसाला राज्य भेटतं ते कचेरीच्या खिडकीवरच. राज्यघटना, भाषावार प्रांतरचना, संयुक्त महाराष्ट्राचा लढा या मोठ्या गोष्टी खऱ्याच आहेत, पण उद्या आपल्याशी कोण कसं वागेल याचा अंदाज माणूस काल कोण कसं वागलं यावरूनच बांधतो. कोंकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद त्या काळी महाराष्ट्रातले विद्वान हिरिरीने घालत होते. आपण ज्यांना भाऊ म्हणून घरी बोलावतो आहोत, त्यांच्या आईच्या भाषेला आधी कमी लेखायचं आणि मग ते आले नाहीत म्हणून वाईट वाटून घ्यायचं, हे मला आज, एक मराठी माणूस म्हणून, लाजिरवाणं वाटतं.

आणि आजोबा? त्यांचं कारणही तितकंच ठोस होतं. मुंडकाराचं घर दुसऱ्याच्या जमिनीवर. भाटकाराने ऊठ म्हटलं की उठायचं, बोलावलं की कामाला जायचं. तो भाटकार हिंदू होता, पलीकडच्या गावचा ख्रिस्ती होता, वागणूक सारखीच. आजोबा कधी शाळेत गेले नव्हते. माझी आई शिकली ती मुक्तीनंतर निघालेल्या मराठी शाळेत. महाराष्ट्रात कूळकायदा झाला आहे, कसणाऱ्याला जमीन मिळते, हे त्यांनी सभेत ऐकलं होतं. गोव्यातही 1964 साली कूळकायदा आला होता, पण कायदा वाड्यावर पोचायला वेळ लागतो. आपले भाटकार पणजीतल्या सगळ्या खिडक्यांवर ओळखीचे, मुंबईत त्यांना कोण ओळखतं, इतका साधा हिशेब आजोबांनी केला होता. मोठं राज्य म्हणजे भाटकाराच्या डोक्यावर बसलेला कुणीतरी. मुंडकारांना घराचं संरक्षण देणारा कायदा पुढे 1975 मध्ये झाला, शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना. महाराष्ट्रात न जाता झाला. म्हणजे आजोबांना जे हवं होतं त्यातलं बरंच त्यांना मिळालं, हरूनही.

या दोन म्हाताऱ्यांची कारणं शेजारी ठेवून पाहिली की महाराष्ट्रात सांगितली जाणारी स्पष्टीकरणं किती तोकडी आहेत ते कळतं. चर्चने सांगितलं, पैसेवाल्यांनी पैसा ओतला, दारूबंदी येईल म्हणून लोक घाबरले. दारूबंदीची भीती खरीच होती. जुन्या मुंबई राज्याचा 1949 चा दारूबंदीचा कायदा महाराष्ट्रात लागू होता आणि विलीनीकरणाच्या विरोधकांनी तो मुद्दा गावोगाव नेला. पण 'दारूसाठी राज्य नाकारलं' असं म्हणणाऱ्याने माडावर चढणारा रेंदेर पाहिलेला नसतो. दिवसातून दोन-तीनदा माडावर चढायचं, सूर, म्हणजे माडी, काढायची, त्यावर घर चालवायचं. काजूच्या हंगामात भट्टी लावायची, त्यावर वर्षाची देणी फेडायची. त्याच्यासाठी तो पोटाचा प्रश्न होता. साखर कारखाना बंद करणारं राज्य येतंय असं सांगितलं तर सांगली-कोल्हापूरचा शेतकरी कुणाला मत देईल?

इथे मला बेळगावबद्दल बोलायचं आहे, कारण त्याशिवाय गोव्याबद्दलचं माझं म्हणणं पुरं होत नाही.

सीमाप्रश्नात महाराष्ट्राने कायम चार तत्त्वं मांडली. खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. चौथं तत्त्व माझ्या मते सगळ्यात भक्कम आहे. नकाशावर रेघ कुठेही ओढा, त्या रेघेपाशी राहणाऱ्याला विचारा. 25 ऑक्टोबर 1966 ला केंद्राने महाजन आयोग नेमला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत गोव्यात मतदान झालं. म्हणजे एकाच हिवाळ्यात दिल्ली पश्चिम किनाऱ्यावरचे दोन प्रश्न दोन वेगळ्या रीतींनी सोडवत होती. गोव्यात मतपेटी गेली, बेळगावात आयोग गेला. 1967 च्या ऑगस्टमध्ये आयोगाचा अहवाल आला, बेळगाव शहर तिकडेच राहिलं, महाराष्ट्राने अहवाल फेटाळला. 2004 साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला आणि सीमाभागातल्या माणसाची तिसरी पिढी अजून वाट बघते आहे.

बेळगावच्या मराठी माणसावर अन्याय झाला असं मी मानतो, आणि तो अन्याय नेमका हा की त्याला कुणी विचारलं नाही. पण मग गोव्याचं काय? तिथे तर विचारलं. आपल्याच चौथ्या तत्त्वाची परीक्षा झाली आणि उत्तर आपल्या विरोधात गेलं. त्यानंतर कित्येक वर्षं आपण काय म्हणत राहिलो? लोक फसले, लोकांना भुलवलं. लोकेच्छेवर विश्वास असेल तर ती आपल्या विरोधात जाते त्या दिवशी तो दाखवावा लागतो. बेळगावसाठी लोकेच्छा मागणाऱ्याच्या तोंडी गोव्याच्या निकालाबद्दल कुरकुर शोभत नाही, आणि त्या कुरकुरीमुळे बेळगावची बाजूच कमजोर होते. कर्नाटकातला माणूस विचारतो, तुम्हाला लोकेच्छा हवी आहे की बेळगाव? या प्रश्नाला स्वच्छ उत्तर देता आलं पाहिजे. मी तरी देईन: लोकेच्छा हवी आहे, उत्तर काही का येईना.

यावर एक आक्षेप मला गंभीर वाटतो. अशी मतदानं समाज चिरून काढतात. घरात भांडणं होतात, शेजारी बोलायचे थांबतात, आणि 'हो' किंवा 'नाही' यांच्यामधलं सगळं हरवतं. खरं आहे. 1966 च्या त्या डिसेंबरात आमच्या वाड्यावर दोन चुलतभाऊ एकमेकांच्या अंगणात जायचे थांबले होते असं आई सांगते. म्हणूनच प्रश्न कसा विचारला जातो याला फार महत्त्व आहे. ब्रिटनने 23 जून 2016 ला युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं हे विचारलं. जवळजवळ बावन्न टक्के बाहेर पडा म्हणाले. पण बाहेर पडून कुठे जायचं, हे मतपत्रिकेवर नव्हतं. प्रत्येकाच्या डोक्यातलं 'बाहेर' वेगळं होतं आणि प्रत्यक्ष बाहेर पडायला 31 जानेवारी 2020 उजाडलं. गोव्यात निदान दोन्ही वाटा आखलेल्या होत्या. निकालाच्या दुसऱ्या दिवशी काय होणार हे रेंदेरालाही ठाऊक होतं आणि भाटकारालाही.

तरी तिथेही एक तिसरी वाट मतपत्रिकेवर नव्हतीच: स्वतंत्र राज्य. ते हवं असणाऱ्यांना दोन पानांवरच शिक्का मारावा लागला आणि राज्य मिळायला 30 मे 1987 उजाडलं. वीस वर्षं.

मत कुणाला देता येतं, हीदेखील लहान बाब नाही. 1967 मध्ये मुंबईत राहणाऱ्या गोंयकारांना मत नव्हतं. धोबी तलावाच्या आसपासच्या कुडींमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोल्यांमध्ये, राहून बोटीवर जाणारे तारवटी, ज्यांची बायकामुलं सासष्टीतल्या गावात होती आणि ज्यांच्या मनिऑर्डरीवर ती गावं चालत होती, त्यांना विचारलं गेलं नाही. विलीनीकरणाच्या विरोधकांनी मागणी केली होती, ती मान्य झाली नाही. आता हे बघा. पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन ब्रिटनमध्ये गेलेले हजारो गोंयकार स्विंडन शहरात राहतात. 2016 मध्ये तिथे पिढी वाढवणाऱ्या या माणसांना युरोपीय नागरिक म्हणून मत नव्हतं. त्याच गल्लीत भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्याला मात्र राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून होतं. स्विंडनने जवळपास पंचावन्न टक्क्यांनी बाहेर पडायचा कौल दिला. ज्याच्या दारात निर्णय येऊन पडणार होता तोच मोजला गेला नाही, पन्नास वर्षांच्या अंतराने दोनदा, आणि दोन्ही वेळा तो गोंयकार होता.

जिंकलेल्यांबद्दलही बोललं पाहिजे. 16 जानेवारी गोव्यात 'अस्मिताय दीस' म्हणून पाळतात. तो पाळावा, त्यात मला काहीच वावगं वाटत नाही. पण त्या दिवशीच्या काही भाषणांत फुलाला मत देणारे म्हणजे गोवा विकायला निघालेले, असा सूर ऐकू येतो तेव्हा मला आजोबांचं घर आठवतं. 1,38,170 माणसं गोवा विकायला निघाली नव्हती. बरीचशी तर अशी होती की विकायला त्यांच्या नावावर गोव्यातली हातभर जमीनही नव्हती.

आणि ज्यांना वाटलं की दोन पानांनी भाषेचा प्रश्न मिटवला, त्यांना 1985 ते 1987 च्या आंदोलनाने उत्तर दिलं. 1967 ला विचारलं होतं राज्याबद्दल. भाषेबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. तो प्रश्न जिवंत राहिला, 1986 च्या डिसेंबरात रस्त्यावर आला आणि सात जणांचा जीव घेऊन गेला. 4 फेब्रुवारी 1987 ला राजभाषा कायदा झाला. देवनागरीतली कोंकणी राजभाषा, आणि शासकीय कामात मराठीच्या वापराचीही सोय. रोमी लिपीत पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना, तियात्र म्हणजे कोंकणी नाटकं, आणि वर्तमानपत्रं चालवणारा ख्रिस्ती समाज, जो 1967 मध्ये दोन पानांच्या मागे सगळ्यात भक्कमपणे उभा होता, त्याची लिपी कायद्याच्या बाहेर राहिली. जिंकलेल्या बाजूलाही सगळे सारखे जिंकले नाहीत. हे आकड्यात दिसत नाही, पण सासष्टीतल्या माणसाला विचारा, तो लगेच सांगेल.

मावशीचं लग्न 1971 सालचं. फुलाच्या घरातली मुलगी दोन पानांच्या घरात गेली. सोयरीक ठरताना तो विषय निघाला नाही, पण दोन्हीकडे ठाऊक होतं. आजोबा आणि तात्या यांच्यात पहिली काही वर्षं फक्त पाऊसपाण्याचं बोलणं व्हायचं. मग एका चतुर्थीला, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधताना, कुणीतरी निवडणुकीचा विषय काढला आणि दोघे रात्री उशिरापर्यंत बोलत बसले. आई म्हणते, भांडतील म्हणून ती दोनदा बाहेर येऊन बघून गेली.

मी कॉलेजात असताना आजोबांना विचारलं होतं, तात्यांनी दोन पानांना मत का दिलं? आजोबांनी मला त्या कचेरीतली गोष्ट सांगितली. परवाना, साहेब, 'नीट मराठीत सांगा', सगळं, तात्यांनी सांगितलं होतं तसंच. सांगताना त्यांचा आवाजही चढला होता, जणू तो अपमान त्यांचाच झाला होता. पुढच्या सुट्टीत मडगावला गेलो तेव्हा तात्यांना विचारलं, आजोबांनी फुलाला का दिलं? तात्यांनी मला भाटकाराची गोष्ट सांगितली. पावसात छप्पर शाकारू न देणारा भाटकार, आणि सुपं डोक्यावर घेऊन रात्रभर बसलेली चार पोरं. त्यातली एक माझी आई होती, आणि हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं.